पाच, पाच आणि गोलकीपर

पंचांनी शिट्टी मारली आणि अकराच्या अकरा पोरं मैदानाच्या मधोमध उकिडवी बसली. पाच-पाचच्या दोन रांगा, हात गुडघ्यांवर, माना खाली. अकरावा माव्हुतो. तो गोलकीपर, त्यामुळे त्याला गोल सोडून अर्धं मैदान धावत यावं लागलं. पण आला, आणि तिसऱ्या रांगेत एकटाच बसला.

ब्लँटायर शहरातून आलेल्या शाळेच्या संघाने जरा वाट पाहिली. मग त्यांच्यातल्या एकाने फ्री किक घेतली. चेंडू कुणालाही त्रास न देता रिकाम्या गोलात गेला. तीन-शून्य.

"अहो पंच, हे काय चाललंय?" रेषेबाहेरून तियामिके ओरडली.

"मॅडम, बसू नये असं नियमात कुठे लिहिलंय?"

तियामिके बाहेर एका शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि दर शनिवारी या पोरांच्या तुरुंगात फुटबॉल शिकवायला फुकट यायची. 'फुकट' हा शब्द तिला आज फार आठवत होता. तुरुंगात शिट्टी म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे बसणं, हे तिला ठाऊक होतं. शिट्टी फक्त हवालदाराकडे असायची, बाहेरच्याने आत आणायला बंदी. म्हणून सहा आठवडे तिने सगळा सराव तोंडाने 'फुर्र' करून घेतला. आज मात्र पंचांच्या शिट्टीला खास लेखी परवानगी मिळाली होती. तीन सह्या, एक शिक्का. अर्ज तियामिकेनेच केला होता.

पलीकडे छत्रीखाली तुरुंगाचे मोठे साहेब बसले होते. त्यांना या जागेत कोबी लावायचा होता. सामना नीट पार पडला तर मैदान पोरांचं, नाही तर सोमवारपासून खोदाई. साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त सगळे चेंडूकडे बघत असताना ते मातीकडे बघत होते.

मध्यंतरात तियामिकेने पोरांना गोळा केलं.

"ही खेळाची शिट्टी आहे! हिला बसायचं नाही! कितीदा सांगू?"

"मॅडम, माझं डोकं तुमचंच ऐकतं हो," कर्णधार पेंफो म्हणाला. "पण गुडघे सरकारी आहेत."

"आणि तू रे माव्हुतो? गोल सोडून पळत येतोस?"

"एकटा तिकडे राहिलो तर पळाला म्हणतील, मॅडम."

"कुठे पळणार? गोलच्या मागे भिंत आहे!"

"तेच तर म्हणतोय मी."

तियामिकेने कपाळावर हात मारला आणि हवालदार चिसालेकडे गेली. प्रत्येक शिट्टीला याचं बोट आपोआप वर व्हायचं आणि ओठ हलायला लागायचे, हे तिने पाहिलं होतं.

"तुम्ही मोजता म्हणून ती बसतात."

"ती बसतात म्हणून मी मोजतो," चिसाले म्हणाला. "समोर पाच-पाचने पोरं बसल्यावर काय करू मग? पाया पडू?"

"बोट तेवढं खिशात ठेवा. पाऊण तास. माझ्यासाठी."

"बावीस वर्षांची सवय आहे मॅडम." त्याने बोटाकडे पाहिलं. "पण सांगून बघतो."

मध्यंतरानंतरच्या पहिल्या शिट्टीला अकरा पोरं वाकली आणि अर्ध्यातच थांबली. न दिसणाऱ्या खुर्च्यांवर बसल्यासारखी. "उभे! उभे!" तियामिकेचा घसा गेला. दुसऱ्या शिट्टीला नुसते गुडघे लवले. तिसरीला पेंफो सरळ उभा राहिला, इतरांकडे बघितलं, ते पण उभेच होते. मग त्याने फ्री किक घेतली आणि गोल केला. पुढे आणखी एक झाला. शेवटी तीन-दोनने हरले, हात मिळवले, कुणी कुणाला चावलं नाही.

पाहुणे आणि पंच फाटकाबाहेर गेले. साहेबांनी छत्री मिटली. "हरले, पण नीट हरले," ते जड मनाने म्हणाले. "राहू द्या मैदान."

तियामिकेने चेंडू पिशवीत टाकला. चार वाजले. कोठड्या बंद व्हायची वेळ. चिसालेने आपली शिट्टी काढली आणि मारली.

मैदानाभोवती सामना बघत उभी असलेली दीडशे पोरं एका दमात खाली बसली. पाच, पाच, पाच, भिंतीपर्यंत.

मधली अकरा उभीच. माव्हुतो गोलमध्ये, दोन्ही हात पसरून. पेंफो चेंडू शोधत होता.

"ए, बसा रे!" चिसाले म्हणाला. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कुणी बसलं नाही. चिसालेचं बोट हवेत अडकलं. "साहेब, बसलेले बरोबर भरतात. पण ही उभी अकरा कशी मोजायची?"

साहेबांनी छत्री पुन्हा उघडली. ऊन नव्हतं.

"मॅडम, तुमचं ऐकतात ती. बसवा त्यांना. नाही तर सोमवारी रोपं मागवतो."

एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलाही होता. ही मोजणीची शिट्टी होती हे पेंफोला आता समजलं होतं. त्याचे सरकारी गुडघे वाकायला बघत होते, तरी तो उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"थांबा साहेब," तियामिके म्हणाली. "चिसालेंना जमत नाहीये ना? मी मोजते."

आणि पिशवी खाली ठेवून तिने बोट वर केलं.

"एक," ती म्हणाली. अगदी सावकाश.