दातांसकट

संगप्पानं काठी उचलली, तेव्हा नीलम्मा नागाच्या पेटीवर मांडी घालून बसली होती.

"वैनी, उठा." धाकटा दीर काठी रोखून म्हणाला. "माझ्या अण्णाला खाल्लंय त्यानं. त्याला ठेचल्याबिगर मी अन्नाला शिवणार न्हाय."

"मग ऱ्हावा उपाशी. आदी मला ठेचा, मग त्याला."

बाहेर गल्ली माणसांनी भरली होती. शिवलिंगप्पा बिराजदारांना माती देऊन लोक परतले होते, ते घरी न जाता काठ्या घेऊन इथेच जमले होते.

शिवलिंगप्पा म्हणजे सोलापूरचा लाडका माणूस. मुंबईच्या टीव्हीवर महिन्यातून एकदा रानातल्या जनावरांचा कार्यक्रम करायचे. शहात्तर साली सोलापुरात टीव्ही दिसत नव्हता, त्यामुळे तो कार्यक्रम गावात कुणीच पाहिलेला नव्हता. बोलायचे मात्र सगळे पाहिल्यासारखं. गावानं पाहिलं होतं ते दर नागपंचमीला, शाळेच्या मैदानावर. उघड्या हातात नाग धरून ते सांगायचे, "हा दातांसकट आहे. रानात असतो तसा. गारुडी याचे दात उपटतात, आणि तुम्ही त्याला दूध पाजून पुण्य मिळवता. लाज वाटू द्या थोडी!" आणि माणसं खरंच लाजायची.

यंदाच्या नागपंचमीला बोलता बोलता ते थांबले. हात सैल पडला, आणि नागानं मनगटावर तोंड मारलं. पुढच्या रांगेनं डोळ्यांनी पाहिलं. घामानं निथळत ते कोसळले, आणि टांगा दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. मनगटावर ओरखडे होते. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

त्या सकाळी डावा हात दुखतोय म्हणून त्यांनी नीलम्माकडून तेल चोळून घेतलं होतं. गाडीच्या प्रवासानं आखडला असेल, असं म्हणून ती चुलीकडे वळली होती. तेवढंच शेवटचं बोलणं.

आता गावाला चेव चढला होता. काल ज्याला हळदकुंकू वाहिलं, त्याला आज शोधून शोधून मारत होते. मोहोळहून, बार्शीहून तीच बातमी. धामण दिसो, दिवड दिसो, घाल काठी. नवऱ्यानं जन्मभर घसा कोरडा करून सांगितलेलं एका दिवसात मातीत गेलं होतं. नीलम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती दारात आली. "हेच शिकलात व्हय त्यांच्याकडून? जनावराचा दोष नसतो म्हणून बोंबलत होते ते, तवा टाळ्या वाजवत होता की! चला, चालते व्हा माझ्या दारातनं!"

गर्दी चुळबुळली. संगप्पा म्हणाला, "मग त्याला काय पाळणार हाय तुमी?"

"मुंबईच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर शोकसभेला येणार हाईत. साऱ्या गावासमोर ते इष काडतील. औषध हुतंय त्याचं. ज्यानं यांचा जीव घेतला, त्यानंच दुसऱ्याचा वाचू दे. मग तरी तुमचं डोळं उघडतील."

संगप्पानं काठी भिंतीला टेकवली आणि तिथंच बसून हमसाहमशी रडला.

संध्याकाळी मागच्या दारी कोंडीबा गारुडी आला. त्याला पाहून नीलम्माचं डोकं पुन्हा फिरलं. नागांचे दात काढतो म्हणून शिवलिंगप्पांनी एकदा त्याच्या टोपल्या पोलिसांकडून जप्त करवल्या होत्या. तरी महिना-दीड महिन्यानं तो मागच्या दारानं यायचा. नागाच्या खोलीत आतून कडी लावून दोघं बसायचे. 'सुधारतोय बिचारा,' ते म्हणायचे.

"अक्का, पेटी मला द्या," कोंडीबा हळू आवाजात म्हणाला. "लांब रानात सोडून येतो. कुणास्नी दावू नगा."

"टोपल्या गेल्याचा सूड उगवतोस व्हय रं? मेलेल्या माणसावर?"

"न्हाय वो. मालक लई मोटं हुतं. म्हनूनच म्हनतो."

"त्यांचं नाव घेऊ नगंस! दात उपटणारं हात हायत तुजं. त्या हातानं पेटीला शिवलास तर बघ!"

तिनं दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं.

शोकसभेला शाळेचं मैदान अपुरं पडलं. काठ्या आणलेले होतेच. संगप्पा सगळ्यांत पुढे. नीलम्मा आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. पदर खोचून ती एवढंच बोलली, तेही त्यांचंच.

"ह्यो दातांसकट हाय. रानात असतो तसा."

माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी हातातली काठी खाली टाकली. मग दुसऱ्यानं, मग संगप्पानं. कितीतरी दिवसांनी नीलम्माचा राग थोडा निवला. जिंकले तुम्ही, ती मनात नवऱ्याला म्हणाली.

डॉक्टरांनी काचेच्या पेल्यावर पातळ कापड ताणून बांधलं. नागाची मान धरली, तोंड कापडावर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पेला कोरडाच. मग चिमट्यानं जबडा उघडून ते खाली वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

ते हळूच बोलले, पण माइक पुढ्यातच होता. साऱ्या मैदानानं ऐकलं.

"बाई, हा नाग कुणाला मारूच शकत नाही. याचे विषाचे दात उगवले की लगेच उपटलेत. पुन्हा उगवले की पुन्हा. वर्षानुवर्षं."

मैदानाच्या कडेला कोंडीबानं डोक्याचा पटका काढून तोंडावर धरला.