उलटी खुर्ची

१९९४ साली तेलगावच्या ऑर्केस्ट्राचे फोटो धुऊन आले आणि हौशी फोटोग्राफर सिद्धाराम वैतागला. प्रत्येक फोटोत पहिल्या रांगेतला एक जाडा माणूस स्टेजकडं पाठ करून कॅमेऱ्याकडंच बघत होता.

त्यानं फोटो ऑर्केस्ट्रावाल्या सलीमभाईंपुढं टाकले. "ह्याला फोटूची लई हौस दिसती!"

सलीमभाई खदखदून हसले. "ह्यो आमच्या समद्याच फोटूत असतो. तलवाडा, चकलांबा, कुठंबी! समोर मात्र कुणालाच दिसत न्हाई. आमी त्याच्यासाठी एक खुर्ची उलटीच मांडतो. तिकीट तेवढं काढत न्हाई बगा."

शेवटचा फोटो बघताच त्यांचं हसू थांबलं.

"कावून, काय झालं?"

"सिद्धारामभाऊ," सलीमभाई हळूच म्हणाले, "दहा वर्सं ह्यो बसूनच हाय. तुमच्याकडं बघून उठला कावून?"