राहीबाईचा गळा

कागद कोरा निघाला.

यंत्राची दांडी राहीबाईच्या गळ्यावरनं गेली, आली, परत गेली. इतकी हळू, की तेवढ्यात गोगलगाय मिरजंला जाऊन आली असती. काल राहीबाईला किरणांचं आयोडीन पाजलं व्हतं. ते गळ्यात जाऊन बसतं आणि यंत्र त्याचे ठिपके कागदावर उठवतं. चांगल्या गळ्याचं फुलपाखरू उमटतं. इथं एक ठिपका न्हाई.

"औषध सांडलंस," मोठे डॉक्टर नूरजहांला म्हणाले. "सांडलंस आणि गप्प बसलीस."

त्या आवाजानं खिडकीतली कबुतरं उडाली ती थेट विश्रामबागंत जाऊन बसली.

साल चौऱ्याहत्तर. डॉक्टर नूरजहां मुजावर तासगावची. सांगलीच्या त्या दवाखान्यात हे यंत्र शिकायला पाच जण आलेले, त्यात ही एकटी बाई. मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासनं खुपायची. त्यांची शिकवायची रीत एकच. जुन्या पेशंटचा कागद काढायचा, नावावर हात ठेवायचा आणि गुरकायचं, "माणूस बघू नका. कागद वाचा." असले एकोणीस कागद नूरजहांनं बरोबर वाचले. विसावी केस जित्ती व्हती आणि तिच्या एकटीच्या हवाली केलेली.

"सर, सांडलं नाही. मी माझ्या हातानं पेला दिला."

"पिताना बघितलंस?"

नूरजहांनं बघितलं नव्हतं. राहीबाई परक्याम्होरं तोंड उघडून काय पीत न्हाई. तपासायला गळ्याला हातसुदिक लावू दिला नव्हता. घास अडकतो, आवाज बसतो, एवढंच सांगितलं, आणि औषध काय काम करतं ते मात्र तीनदा इचारून घेतलं. मग पदर वढून भिंतीकडं वळली, सुनंला आडोशाला जवळ घेतलं. वडीलधारी बाई पदराआड पिती तवा टक लावून बघायचं नसतं, हे नूरजहांला घरीच शिकवलेलं. तीबी पाठमोरी झाली. पेला रिकामा परत आला.

"उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

नूरजहांनं टेबलावरचा डबा उचलला. किरणं असली की तो डबा टकटकायचा. तिनं तो फरशीवर फिरवला, मोरीत धरला, सवताच्या कोटाला लावला. डबा मुका. सांडलं असतं तर कुठंतरी बोलला असता. ती तशीच बाहेर निघाली. मोठे डॉक्टर मागनं.

यंत्राखालनं उठून बाहेर बाकावर बसलेली राहीबाई सुनंला सोलत व्हती. दोन दिवस आख्खा दवाखाना ऐकत व्हता.

"दोन घास गिळाया दुपार लागती तुला. बोलती तर फुटक्या भोंग्यागत. आन त्यो पदर कशाला आवळलाय गळ्याभवती? माघात मेलीस व्हय गारठून?"

सून साळूनं पदर आणखीच आवळला.

"आई, बास कर," लेक लालासाहेब म्हणाला. "तुझ्यासाठी ज्वारीची काढणी सोडून आलोय. हिला कशाला आणलीस? तेवढ्याच रानात चार ओळी काढून झाल्या असत्या."

"माझा भाकरीचा डबा काय तू धरणार हायस?"

नूरजहांनं राहीबाईच्या गळ्याजवळ डबा धरला. चिडीचूप. तिनं हात मागं घेतला, तसा डबा साळूच्या अंगावरनं गेला आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडला.

नूरजहांनं साळूला हाताला धरून आत नेलं आणि दांडीखाली निजवलं.

ह्या खेपंला कागदावर फुलपाखरू उमटलं. पण उजव्या पंखाला रुपयाएवढं भोक. तिथं एक ठिपका न्हाई.

मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला. मग जन्मात पहिल्यांदा मान वर करून माणसाकडं बघितलं. साळूच्या गळ्यावरचा पदर त्यांनी सवता बाजूला केला, बोटांनी चाचपलं.

"गाठ आहे. काढायलाच पाहिजे, याच महिन्यात," ते बारीक आवाजात म्हणाले. "अजून वर्ष गेलं असतं तर हाती काही राहिलं नसतं. मुजावर, ही केस तुम्ही लिहून काढा."

दारात लालासाहेब तांबडालाल झाला व्हता.

"आई, औषध तुझं. हिला का पाजलंस? दुखणं तुझं हाय का हिचं?"

राहीबाईनं भाकरीच्या डब्याचं झाकण लावलं.

"माझ्या गळ्याला काय धाड भरलीया? हिच्यासाठी तू काढणी सोडून आला असतास का रं?"