फुटलेला आवाज

"दोन वर्षं थांबलेली ज्ञानगंगा आज पुन्हा वाहणार!" साथीमुळे बंद पडलेली शाळा उघडताना मुख्याध्यापकांनी मैदानावर जाहीर केलं. गंगा प्रार्थनेपाशीच अडली. प्रार्थना सांगणारा हर्षल टाकीमागे लपला होता.

"चल रे, खोळंबलेत सगळे," निमकरबाई म्हणाल्या.

"बाई, सहावीत ठीक होतं. आता आवाज फुटलाय. दाराबाहेरून आजीला हाक मारली, तर म्हणाली, दूध नको आज. मी नाही येणार शाळेत."

"मी शेजारी उभी राहून गाते. मग तर झालं?"

बाईंनी डोळे मिटून असा सूर लावला, की अख्खं मैदान हसून वाकलं. त्यात हर्षलचा घोगरा आवाज कोणाला जाणवलाच नाही.

वर्गाकडे जाताना बाईंनी हळूच विचारलं, "उद्या येशील ना?"

"येईन. पण बाई, उद्या मी एकटाच म्हणतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."