रिबनची गाठ

"झाकण घट्ट बसू दे हं बाबा, नाहीतर आई लगेच उघडून बघेल!" रेवा म्हणाली.

कोर्टाने ठरवून दिल्यापासून पोरं दर रविवारी माझ्याकडे येतात. या वेळी लाल कागद, टिकल्या आणि रिबन घेऊनच आली. व्हॅलेंटाइन डेला आईसाठी खोकं करायचं होतं. मिठाईच्या दुकानात मी दिवसभर खोकीच बांधतो, त्यामुळे मलाही चेव चढला. पुठ्ठ्याला नखाने घडी पाडली, कोपरे जुळवले. धाकट्या ईशानने टिकल्या चिकटवल्या. निम्म्या त्याच्याच कोपराला लागल्या.

"आत काय ठेवणार?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"अंगठी," रेवा हळूच म्हणाली. "विक्रमकाका आईला लग्नाचं विचारणार आहेत. खोकं आम्ही करायचं, असं त्यांनी सांगितलंय."

माझे हात काही थांबले नाहीत. सवयीचे हात ते. रिबन झाकणाभोवती फिरली आणि वर माझी नेहमीची गाठ बसली, फुलासारखी, एक टोक आत दडवलेली. आमच्या लग्नाआधी तिला पेढे पाठवायचो ते हीच गाठ मारून. दुकानात दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. पोरांची आई ती आजही लांबून ओळखेल.

"भारी! आई विचारेल, कुणी बांधली?" ईशान म्हणाला.

मी टोक ओढलं. गाठ सुटली.

"तू बांध," मी रिबन त्याच्या हातात दिली. "वाकडी आली तरी चालेल."