बोललेली वाट

"वाट घरात बोलायची नसती, बाई," आम्ही तिच्या घरी मुक्कामाला आल्या आल्या बनुबाईनं बजावलं होतं. रतनगडाच्या जंगलात जायचं तर गप उठायचं आणि चालू लागायचं, अशी तिच्या गावाची रीत.

मी नगरच्या मिशन शाळेतली मास्तरीण. मला कुणी भिववलेलं चालत नाही. दुपारी माझा भाऊ थॉमस रेशनच्या साखरेचा चहा पीत बसला होता. मी बाजेवरून त्याला मुद्दाम मोठ्यानं उद्याची वाट सांगू लागले.

"आधी ओढा ओलांडायचा."

थॉमस दाराकडं बघत म्हणाला, "ताई, तुझ्या चपला ओल्या झाल्यात."

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. उंबऱ्यापाशी काढलेल्या माझ्या चपलांतून पाणी गळत होतं.

"मग कारवीचं रान," मी म्हणाले. चपलेच्या पट्ट्यात एक हिरवंगार पान अडकलेलं दिसलं. उन्हाळ्यात कारवी वाळलेली असते.

बनुबाई चुलीपासून उठली. "आता परतीची वाट बी बोला, बाई. आर्ध्यावर ठिवू नगा."

"परतीचं मी वर पोचल्यावर ठरवीन. कातळ चढला की गडाचं नेढं, माथ्यावरचं ते आरपार भोक."

पुन्हा पाहिलं तेव्हा थॉमसच्या चपला जागेवर कोरड्या होत्या. माझ्या तिथं नव्हत्याच.

"नसू देत. अनवाणी जाईन," म्हणत मी बाजेवरून पाय खाली टेकले.

घर शेणानं सारवलेलं होतं. माझ्या तळव्यांना गार कातळ लागला.

थॉमस समोरच बसला होता. त्यानं "ताई" म्हणून हाक मारली, ती फार खालून आली.