फिसकटलेली शाई

एडिनबराच्या अभिलेखागारात मी सकाळपासून वैतागले होते. माझ्या वर्गातली एफी डाव्या हाताने लिहायची, म्हणून मुख्याध्यापक तिला चामडी पट्ट्याने मारायचे. त्यांचा लाडका जुना चित्रकारही डावखुराच होता, हे मला दाखवायचं होतं. पण तांब्यावरून छापलेल्या त्याच्या तसबिरीत कुंचला उजव्या हातात होता. “छापा उलटा उमटतो ना?” मी विचारलं. “कसलेले कारागीर कोरतानाच उलटवतात, मास्तरीणबाई,” अभिलेखपाल गेडिस हसला. “मग त्याच्या हातची पत्रं दाखवा.” “काय वाचणार? ओल लागून शाई फिसकटलीय.” प्रत्येक ओळ उजवीकडे फिसकटली होती. “अहो, ओल अशी ओळीओळीने लागते होय? लिहिताना डावा हात फिरलाय शाईवरून. एफीची वही अश्शीच असते!” त्याचं हसू मावळलं. “माझीही असायची. पट्ट्याने सवय मोडली.” पत्रांच्या नोंदीतलं ‘ओल’ खोडून त्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. पण त्या हाताला ‘डावखुरा’ लिहिता येईना.